एक उच्चार, दोन श्रवणे

स्तोत्रसंहितेतील बासष्टावे स्तोत्र फारसे प्रसिद्ध नाही. मेंढपाळाची प्रतिमा असलेले तेविसावे स्तोत्र, ज्यांनी चर्चमध्ये कधी पाऊल ठेवलेले नाही अशांनाही इंग्रजी चित्रपटांतील दफनविधीच्या प्रसंगांमुळे ओळखीचे झालेले असते; बासष्टाव्याच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही. मात्र त्याच्या शेवटच्या दोन वचनांत स्तोत्रकार एक विलक्षण गोष्ट सांगून जातो. देवाचे बोलणे झाले एकदाच, पण आपल्या कानांवर ते दोनदा पडले, असा त्याचा आशय आहे. पहिल्या खेपेस त्याला ऐकू आले की सामर्थ्य देवाचे आहे; दुसऱ्या खेपेस ऐकू आले की प्रेमही त्याचेच आहे.

अभ्यासकांना ह्यात विलक्षण असे काही वाटत नाही. एक संख्या घेऊन लगेच तिच्या पुढची संख्या उच्चारणे, ही हिब्रू काव्याची जुनी रीत आहे. आमोस संदेष्टा राष्ट्रांचे अपराध मोजताना तीन म्हणून चार म्हणतो. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातही हाच प्रकार आढळतो. तेव्हा हा समांतर रचनेचा एक ठरीव साचा आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण ठरीव साच्यातूनही कवी कधी कधी नेमके काही बोलून जातो, हे वर्गात अलंकार शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ह्या स्तोत्रात बोलणाऱ्याच्या बाजूला एकच उच्चार आहे. दुभंग आहे तो ऐकणाऱ्याच्या कानात. देव सर्वशक्तिमान असेल आणि प्रेमळही असेल तर निरपराध माणसे का मरतात, हा प्रश्न शतकानुशतके देवाच्या स्वरूपाविषयीचा प्रश्न म्हणून मांडला गेला. स्तोत्रकाराने तो, बहुधा नकळत, श्रवणाविषयीचा करून ठेवला आहे. कोणत्या घडीला कोणाला काय ऐकू येते?

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. दोघेही जन्माने ख्रिस्ती नाही. एकाच्या घरी पंढरीची वारी आहे, एकीच्या घरी वर्षाकाठच्या सत्यनारायणापलीकडे फारसे काही नाही. ह्या ग्रंथाकडे आम्ही आलो ते अभ्यासक्रमाच्या वाटेने: फादर स्टीफन्स ह्यांचे १६१६ साली मुद्रित झालेले ‘क्रिस्तपुराण’, रेव्हरंड टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, पंडिता रमाबाईंचे लेखन. ख्रिस्ती मराठी साहित्याचा घटक बहुधा शेवटचा असतो आणि तो येईतो सत्र संपत आलेले असते. विद्यार्थी टिपणे मागतात, आम्ही ती देतो, आणि ‘क्रिस्तपुराणा’तील ओव्या सुमारे अकरा हजार आहेत, एवढे एक वाक्य उत्तरपत्रिकांतून इमानाने परत येते. ज्या ग्रंथातून हे सारे साहित्य उगवले तो ग्रंथ उघडण्याची वेळच येत नाही.

आमच्यापुरता तो सलग उघडला गेला २०२१ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी एप्रिल महिन्यात आमच्यातील एकीचा धाकटा भाऊ कोरोनाने गेला. वय अडतीस. मागे पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. त्या महिन्यात असे किती घरांत घडले ते वाचकांना सांगायला नको. सांगायचे आहे ते नंतरच्या दिवसांविषयी. समाचाराला येणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून लोक फोन करीत, आणि जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये देव असे. देवाची इच्छा. चांगली माणसे देवालाही आवडतात. तो परीक्षा पाहतो, पण वाऱ्यावर सोडत नाही. माणसे मायेने बोलत होती, ह्यात आम्हांला आजही संशय नाही. पण पंधरवड्यानंतर ती फोन उचलेनाशी झाली. तेव्हा दुसऱ्याने, केवळ आमचे थांबलेले वाचन पुन्हा सुरू व्हावे ह्या हेतूने, ईयोबाचे पुस्तक सुचवले. रोज रात्री एक अध्याय, फोनवर, मोठ्याने, आळीपाळीने. अध्याय बेचाळीस आहेत. रात्री त्याहून बऱ्याच जास्त लागल्या.

ईयोबाची कथा अनेकांना स्थूलमानाने माहीत असते. ऊस देशातला एक सज्जन, संपन्न गृहस्थ. एकाच दिवशी त्याची गुरेढोरे जातात, दहाही मुले घर कोसळून मरतात, पुढे सर्वांगाला फोड येतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. ह्या आपत्तीचे कारण वाचकाला आधीच सांगितलेले आहे, ईयोबाला मात्र शेवटपर्यंत कळत नाही: स्वर्गातील दरबारात देवाचे आणि सैतानाचे बोलणे झालेले असते. येथील सैतान हा पुढच्या काळातला नरकाचा अधिपती नव्हे. हिब्रूत त्या शब्दाला निश्चित उपपद लागलेले आहे, म्हणजे ते विशेषनाम नसून पद आहे. आरोप ठेवणारा, सरकारी वकिलासारखा कोणी. तो विचारतो, ईयोब फुकट का देवभीरू आहे? आणि देव त्याला मोकळीक देतो. ह्या गद्य प्रस्तावनेतील देव आम्हांला आवडत नाही, हे स्पष्टच सांगितलेले बरे. दहा मुलांचा जीव एका शंकेच्या निरसनासाठी खर्ची घालणारे सामर्थ्य पूजनीय वाटत नाही. पुस्तकाच्या शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुले होतात, आणि तीन मुलींची तर नावेही दिली आहेत, बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वतन दिल्याचेही सांगितले आहे. तरी आधीच्या दहांचे काय, हे कोणी बोलत नाही. एका लोककथेच्या चौकटीत एका थोर कवीने आपले काव्य बसवले असावे, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. चौकट आणि चित्र ह्यांचा सांधा नीट बसलेला नाही हे आमच्यासारख्या अनुवाद वाचणाऱ्यांनाही जाणवते.

पण मित्र! अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे लांबून त्याच्या सांत्वनासाठी येतात, त्याला ओळखूही शकत नाहीत, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी एक शब्द बोलत नाही. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. मग ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि त्यांना राहवत नाही. पुढचे वीसेक अध्याय ते बोलतात, आणि अतिशय सुंदर बोलतात. देव जखम करतो आणि तोच पट्टी बांधतो. तो पृथ्वीवर पाऊस पाडतो, खालच्यांना वर चढवतो. त्याच्या न्यायात वाकडेपणा नाही. ह्यातले एकही वाक्य असे नाही की जे शास्त्रात अन्यत्र आदराने उच्चारले गेलेले नाही. सामर्थ्यही त्यांच्या बोलण्यात आहे, प्रेमही आहे, दोहोंचा मेळही आहे. त्या रात्री हे अध्याय वाचताना फोनच्या दुसऱ्या टोकाला ती हसली होती. फोनवरचे सारे लोक तिला तिथे भेटले होते.

आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव ह्या तिघांवर संतापतो. ते आपल्याविषयी योग्य बोलले नाहीत, ईयोब बोलला, असे तो सांगतो. ज्याने देवाला अन्यायी म्हटले, तिरंदाज म्हटले, नजर वळव म्हणजे मला आवंढा तरी गिळू दे असे विनवले, तो योग्य बोलला. आणि ज्यांनी देवाची बाजू घेतली ते अयोग्य. एखाद्या धर्मग्रंथाने धर्मनिष्ठ वाक्ये चुकीच्या तोंडात घालून दाखवावीत, हे धैर्य आम्हांला फार मोठे वाटते.

वारीच्या घरात वाढलेल्याला देवाशी भांडणे नवे नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम ह्यांच्या अभंगांत विठ्ठलाला कठोर बोल ऐकवलेले आहेत, आणि तुकारामांच्या भांडणामागे दुष्काळात अन्नावाचून मेलेली पहिली बायको आहे. पण त्या भांडणाची भाषा घरची आहे. लेकराने आईला टाकून बोलावे, तशी. ईयोबाची भाषा कचेरीतली आहे. त्याला फिर्याद मांडायची आहे, आरोपपत्र लेखी हवे आहे, दोघांच्या मध्ये हात ठेवील असा पंच हवा आहे. एकतिसाव्या अध्यायात तर तो आपल्या जबाबाखाली निशाणी करून मोकळा होतो. हिब्रूत तिथे वर्णमालेतील शेवटचे अक्षर ‘ताव’ आहे, जे जुन्या लिपीत फुलीसारखे काढत. कोर्टात अंगठा उठवणाऱ्या माणसाचे चित्र आमच्या डोळ्यांसमोर आले. घरच्या भाषेत प्रेम गृहीत असते आणि तक्रार सामर्थ्याविषयी असते: तू करू शकतोस, मग करत का नाहीस? कचेरीच्या भाषेत सामर्थ्य गृहीत असते. ईयोबाला देवाच्या ताकदीची शंका एकदाही येत नाही. त्याच ताकदीखाली तो चिरडला गेलेला आहे.

म्हणूनच अडतिसाव्या अध्यायात वावटळीतून देव बोलू लागतो तेव्हा पहिल्या वाचनात निराशा होते. फिर्यादीला उत्तर नाहीच. उलट प्रश्नांची सरबत्ती: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, समुद्राला दारे कोणी लावली, कृत्तिकांचे बंध तुला बांधता येतात का? हे नुसते दरडावणे आहे, असे आमच्यातील एकाचे, म्हणजे ज्याने पुस्तक सुचवले त्याचे, मत झाले. ज्याची मुले गेली त्याला खगोलशास्त्र काय सांगता? त्याला ह्या प्रकरणांत प्रेमाचा एक शब्द सापडला नाही, आणि हे पुस्तक आपण ह्या वेळी सुचवायला नको होते असेही त्याला क्षणभर वाटले.

तिचे मत वेगळे होते. सबंध पुस्तकात तिला दिलासा मिळाला तो इथेच. तिने सांगितले ते शक्य तितके तिच्या शब्दांत देतो. हा पहिलाच आवाज आहे जो कारण सांगत नाही. भावाच्या मरणात काही योजना होती असे तो म्हणत नाही, धडा होता असेही म्हणत नाही. तो जग दाखवतो, आणि जग माणसासाठी केलेले नाही हे दाखवतो. निर्जन अरण्यात, जिथे एकही माणूस नाही अशा ठिकाणी पाऊस पडतो, तो कोणासाठी? डोंगरातल्या रानशेळ्या कधी वितात ह्याची मोजदाद कोण ठेवते? गाढव आहे, पण नांगराला न येणारे रानगाढव. अंडी वाळूत टाकून जाणारी शहामृगाची मादी आहे. एवढ्या मोठ्या जगात माझे दुःख बसते, असे ती म्हणाली. फोनवरच्या लोकांच्या लहानशा, प्रेमळ जगात ते बसत नव्हते.

ह्यावर आमचा पुष्कळ वाद झाला. तपशील पुन्हा पाहताना त्यालाही काही गोष्टी दिसू लागल्या. समुद्र हे हिब्रू कवितेत बहुधा अराजकाचे, देवाच्या शत्रूचे रूप. येथे तो गर्भातून बाहेर पडणारे मूल आहे, आणि देव त्याला ढगांचे कपडे आणि दाट काळोखाचे बाळुते गुंडाळतो. मग त्याला हद्द घालून देतो, येथवर ये, पुढे नको. ही दाईची भाषा आहे. कावळ्याची पिले अन्नासाठी ओरडतात ती देवाकडेच तोंड करून. सिंहिणीच्या बच्च्यांची भूक आहे. जिथे केवळ सामर्थ्य ऐकू आले होते तिथे खाली दुसरा स्वर होता. ह्याला प्रेम म्हणावे का? तो म्हणाला, म्हणावे. ती म्हणाली, एवढ्यात म्हणू नये. निसर्गाचा निरीक्षकही शेळीचे विणे टिपून ठेवतो, म्हणून त्याचे शेळीवर प्रेम असतेच असे नाही. ज्याचे काही गेले नव्हते त्याला प्रेम ऐकू येणे आवश्यक वाटत होते, आणि जिचा भाऊ गेला होता तिला सामर्थ्य पुरेसे होते, ही विसंगती आम्ही नोंदवून ठेवतो.

आता थोडे शब्दांविषयी, कारण आमचा व्यवसाय तो आहे. ईयोबाच्या पुस्तकात देवासाठी ‘शद्दाय’ हे नाव वारंवार येते. जुन्या करारात ते अठ्ठेचाळीस वेळा आले आहे, त्यांपैकी एकतीस वेळा ह्या एका पुस्तकात. ग्रीक भाषांतरकारांनी ह्या पुस्तकात त्यासाठी बऱ्याच ठिकाणी ‘पांतोक्रातोर’ हा शब्द घेतला, लॅटिनात ‘ओम्निपोतेन्स’ आला, आणि मराठी बायबलात ‘सर्वसमर्थ’. वास्तविक शद्दायची व्युत्पत्ती निश्चित नाही. पर्वताशी त्याचे नाते जोडतात, काहीजण विध्वंसाच्या धातूशी. तिसरी सूचना स्तनवाचक शब्दाची आहे, आणि व्युत्पत्ती म्हणून ती टिको न टिको, उत्पत्तीच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात याकोबाचा आशीर्वाद रचणाऱ्या कवीला तो नाद ऐकू आला होता हे नक्की, कारण तिथे शद्दायच्या लगोलग स्तनांचा आणि उदराचा आशीर्वाद येतो. सामर्थ्याच्या सर्वांत भारदस्त नावाच्या पोटात असा एक ध्वनी. भाषांतरात अर्थातच तो गेला. करुणेसाठी असलेला ‘रहमीम’ हा शब्दही ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय ह्याच्याशी सगोत्र आहे. अरबीतून आपल्याकडे आलेले रहम आणि रहीम त्याच कुळातले. यशया संदेष्टा देवाला आईची उपमा देतो, आणि विठोबाला माउली म्हणणाऱ्यांच्या घरात ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

बासष्टाव्या स्तोत्रात प्रेमासाठी जो शब्द आहे तो मात्र ह्यांतला नाही. तो आहे ‘हेसेद’. मराठीत त्याला बहुतेक ठिकाणी ‘दया’ म्हणतात, आणि हे आम्हांला अपुरे वाटते. दया वरचा खालच्यावर करतो, आणि ती करणे न करणे त्याच्या मर्जीवर असते. हेसेदमध्ये बांधिलकी आहे. दिलेला शब्द पाळणे आहे, नाते तोडायला निमित्त मिळाले तरी न तोडणे आहे. रूथ आपल्या सासूसाठी जे करते तेही हेसेदच. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात हा शब्द ध्रुवपदासारखा सव्वीस वेळा येतो, प्रत्येक वचनाच्या शेवटी. वचनांच्या पहिल्या अर्ध्या भागांत सामर्थ्याची कृत्ये: आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, दुभंगलेला तांबडा समुद्र. तिथेच मिसरच्या प्रथमजन्मलेल्यांना मारल्याचाही उल्लेख आहे, आणि त्यामागेही तेच ध्रुवपद आहे. वर्गात हे वाचताना एखादा विद्यार्थी थांबवून विचारतो: मिसरी आयांनी हे ध्रुवपद कसे म्हणावे? प्रश्न रास्त आहे. ध्रुवपद म्हणणारे सुटलेले लोक आहेत. एकच उच्चार त्यांना प्रेम म्हणून ऐकू आला, तर नदीपलीकडच्या घरांत केवळ सामर्थ्य म्हणून.

नव्या करारात येणाऱ्या ‘अगापे’साठी मराठी बायबलाने ‘प्रीती’ हा शब्द निवडला. बोलीतून तो जवळपास उठून गेला आहे, भावगीतांत आणि मुलींच्या नावांत उरला आहे. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तो आजही गंभीर अर्थाने जिवंत आहे. आईच्या प्रेमाला आपण सहज ‘माया’ म्हणतो. शब्द किती उबदार, पण वेदान्ताने त्याला जो दुसरा अर्थ चिकटवून ठेवला आहे त्यामुळे अनुवादकाचा हात थबकणारच. असे थबकणे पंडिता रमाबाईंनी पुष्कळ अनुभवले असेल. सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्याचे काम त्यांनी उतारवयात अंगावर घेतले, त्यासाठी त्या भाषा शिकल्या, आणि भाषा सोपी ठेवली, केडगावच्या मुक्ती मिशनमधील साध्यासुध्या बायकांना समजेल अशी. खिळे जुळवणाऱ्याही त्याच बायका होत्या.

रमाबाईंचे आयुष्य ह्या प्रश्नासमोर ठेवून पाहावे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. तीर्थयात्रा, दानधर्म, अनुष्ठाने, सारे करून झाल्यावर गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले, तेव्हा मनोरमा तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागे तत्त्वचर्चा होतीच, पण त्यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट आम्हांला अधिक बोलकी वाटते. लंडनमध्ये फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणारे भगिनींचे एक सेवागृह त्यांनी पाहिले. ह्या स्त्रियांसाठी इतके कशासाठी, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्या गोष्टीत चमत्कार नाही. दमलेला, तहानलेला एक पुरुष परक्या बाईकडे पाणी मागतो. देवाच्या सामर्थ्यासाठी घरातल्यांनी सर्वस्व वेचलेले ज्या मुलीने पाहिले होते, तिला ह्या पाणी मागणाऱ्याचे आकर्षण वाटले असेल तर नवल नाही. पुढे १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो बायकामुली केडगावला आणल्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल छापून झाले ते १९२४ मध्ये. ईयोबाची दहा मुले घर कोसळून मेल्याचे वाक्य त्यांनी मराठीत लिहिले तेव्हा पाठीशी काय काय होते, ते ह्या सनावळीवरून दिसते. अनुवादकाचे चरित्र अनुवादात शोधू नये, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. शिकवू.

आता गेथशेमानेविषयी, कारण आमच्यातील दुसऱ्याने ईयोबापुढे ठेवला तो हाच उतारा. मार्काच्या चौदाव्या अध्यायात, अटकेच्या रात्री, येशू बागेत जमिनीवर पडून प्रार्थना करतो. प्रार्थना एका वाक्याची आहे. तिची सुरुवात ‘अब्बा’ ह्या अरामी संबोधनाने होते. घरात बापाला मारायची ती हाक. चारही शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी हा शब्द ह्या एकाच ठिकाणी आला आहे. लगेच पुढे, तुला सर्व काही शक्य आहे, अशी कबुली. मग मागणे: हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्रेम आणि सामर्थ्य एका श्वासात, बासष्टाव्या स्तोत्राप्रमाणेच. आणि उत्तर येत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली होती, डोंगरावर रूपांतर झाले तेव्हा मेघातून झाली होती. मार्काच्या बागेत काही होत नाही. लूकच्या काही हस्तलिखितांत बळ द्यायला देवदूत येतो. मार्काला त्याची गरज वाटली नाही. शेजारी तीन मित्र आहेत, ते झोपी गेलेले. ईयोबाच्या मित्रांपेक्षा बरे, असे तिने मध्येच म्हटले.

दुसऱ्या दिवशी क्रुसावरून, का टाकलेस, असा जो आक्रोश उमटतो तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभातून घेतलेला आहे, आणि त्यात अब्बा नाही. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात एक जुने स्तवन गुंफलेले असावे असे मानतात. त्यात देवाच्या रूपात असलेल्याने आपल्याला रिते केले, दासाचे रूप घेतले, असे सांगितले आहे. धर्मशास्त्र्यांनी त्या ‘रिते करण्या’वर ग्रंथ लिहिले. आमच्यातील दुसऱ्याचे म्हणणे साधे आहे: वावटळीत बोलणारा देव राखेत बसत नाही, बागेतला बसतो. त्याला मिसरी आईच्या शेजारी जागा आहे. सामर्थ्य असताना ते न वापरणे हेच प्रेम, असे मात्र तो म्हणत नाही, कारण बुडत्याला पोहणाऱ्याने हात न देणे ह्याला प्रेम कोणीच म्हणणार नाही. तो एवढेच म्हणतो की ज्याची विनवणी अनुत्तरित राहिली, त्याला देव मानणारा हा धर्म आहे, आणि असा देव फोनवर बोलणाऱ्यांनी तिला सांगितला असता तर तिने फोन उचलला असता.

तिला हे पटत नाही. म्हणजे उतारा थोर आहे हे पटते. पण बाग माणसांनी भरलेली आहे, आणि तिला अजून ते निर्जन अरण्य हवे आहे, जिथे उगाच पाऊस पडतो.

शेवटचा वाद बेचाळिसाव्या अध्यायातील सहाव्या वचनाचा. देवाचे बोलणे ऐकून ईयोब धूळ आणि राख ह्यांचा उल्लेख करत जे म्हणतो, त्याचा अर्थ प्रचलित मराठी अनुवादांत पश्चात्ताप असा केलेला आढळतो. हिब्रू क्रियापदाचा धातू ‘न-ह-म’. त्याला मन बदलणे हाही अर्थ आहे आणि सांत्वन पावणे हाही. दुसऱ्या अध्यायात मित्र ईयोबाकडे निघतात ते सांत्वनासाठी, तिथे हाच धातू. सोळाव्या अध्यायात ईयोब त्यांना, छळणारे सांत्वनकर्ते, म्हणून झिडकारतो, तिथेही हाच. शेवटी भाऊबहिणी येऊन त्याच्याबरोबर जेवतात आणि त्याचे समाधान करतात, तिथेही. मग मधल्या ह्या एकाच ठिकाणी पश्चात्ताप का? काही आधुनिक भाषांतरकारांनी सांत्वनाकडे कौल दिला आहे. वाक्याचे व्याकरण दोन्ही बाजूंना ओढ घेते, आणि निर्णय करायला आमच्याजवळ हिब्रूचे ज्ञान नाही. कोशांच्या आणि टीकाग्रंथांच्या आधाराने चालणारी आमची वाट आहे. तिने आपल्या प्रतीत पेन्सिलीने पश्चात्तापाच्या बाजूला सांत्वन असे लिहून ठेवले आहे, खोडलेले काही नाही.

ह्या सत्रात ख्रिस्ती मराठी साहित्याचा घटक आम्ही शेवटी न ठेवता आरंभी घेतला आहे. ‘क्रिस्तपुराणा’तील निवडक ओव्यांआधी दोन तासिका मूळ ग्रंथासाठी राखल्या आहेत. ती वावटळीचे अध्याय घेईल, तो गेथशेमाने. दोन्ही तासिका बुधवारी, लागोपाठ. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी आहे.